रविवारची थोरली

रविवारी सकाळी नवापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर घाई असते. भाकरी लवकर थापल्या जातात, गुरांचं चारापाणी उरकतं, पोरांची डोकी तेल लावून विंचरली जातात. थोरलीची वेळ झालेली असते. तिचं नाव उपासना, ख्रिस्ती मंडळीची रविवारची प्रार्थनासभा.

वय जवळपास दोन हजार वर्षं. या भागात ती रुजली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, स्वीडिश आणि अमेरिकेतल्या स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांबरोबर. नवापूर आज ज्या नंदुरबार जिल्ह्यात येतं, तो भाग तेव्हा पश्चिम खानदेशात होता. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९९८ साली झाला. ती आली परक्या बोलीतून, पण मुक्कामाला राहिली ती इथलीच होऊन. चपला दाराबाहेर, खाली सतरंजी, डोक्यावर पदर, सोबतीला ढोलकी आणि टाळ. मराठी गाण्याला लागून इथल्या मावची बोलीतलं गाणं येतं आणि तिला दोन्ही सारखीच प्रिय.

काही पंथांत तिच्या हाती छापलेलं प्रार्थनापुस्तक असतं. इथल्या बहुतेक मंडळ्यांत ते नाही. क्रम वडीलधाऱ्यांच्या अंगवळणी पडलेला. थोडं मागंपुढं होतं, पण स्वभाव बदलत नाही. तिचा पहिला नियम असा की सुरुवात माणसानं करायची नाही. म्हणून आरंभी स्तोत्रसंहितेतल्या ओळी वाचल्या जातात. आपण देवाला बोलावलं नाही, आपल्यालाच बोलावणं आलं, हे ती पहिल्या क्षणी सांगून टाकते. पुढचं सगळं त्या बोलावण्याला दिलेलं उत्तर आहे.

पहिलं उत्तर गाण्याचं. एकट्याला जे बोलायला संकोच वाटतो ते पन्नास जणांच्या सुरात सहज निघतं, हे तिला पुरतं ठाऊक आहे. मराठीत तिचा गळा मोकळा करणाऱ्यांत नारायण वामन टिळकांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं अभंग आणि ओवीच्या वळणाची भजनं लिहिली. इंग्रजी चालींवर शब्द बसवण्यात अडकलेली भक्ती त्यांच्यामुळं मराठी छंदात चालू लागली. ‘उपासना संगीत’मधून ती आजही घरोघर पोहोचते.

गाणं थांबलं की ती गंभीर होते. आता कबुलीची वेळ. यशया संदेष्ट्याची कथा तिच्या मनात असते: देवाचं तेज दिसताच त्याला आधी स्वतःचे अशुद्ध ओठ आठवले, मग क्षमा मिळाली, आणि त्यानंतर काम सोपवलं गेलं. हाच क्रम ती पाळते. कबुलीत ती कुणाचं नाव पुकारत नाही. पाळकही त्याच ओळीत उभे, सावकारी करणाराही, उसनं घेणारीही. सगळ्यांच्या माना एकाच वेळी खाली जातात आणि क्षमेचं वचनही सगळ्यांना एकदमच मिळतं. गावात माणसांची मोजदाद जमिनीवरून आणि घराण्यावरून होते. तिथं दर आठवड्याला अशी एक वेळ यावी, ही साधी गोष्ट नाही.

मग शास्त्रवाचन आणि संदेश. नव्या कराराचं मराठी भाषांतर १८११ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला, विल्यम कॅरी यांच्या छापखान्यातून निघालं. पण पुस्तक हाती आलं म्हणजे सगळ्यांना वाचता आलं असं नव्हे. म्हणून उपासना मोठ्यानं वाचायला लावते. अक्षर न ओळखणारी आजी आणि कॉलेजात जाणारी नात, दोघींच्या कानावर वचन एकाच वेळी पडतं. संदेश देणाऱ्याचं काम त्या वचनाला आजच्या बांधावर, आजच्या बाजारात आणून उभं करण्याचं.

प्रार्थनेत तिची आठवण किती दांडगी आहे ते कळतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे गेलेली कुटुंबं, चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयात दाखल असलेला शेजारी, परीक्षेला बसलेली पोरं, न आलेला पाऊस: सगळं नावानिशी घेतलं जातं. ही तिची फार जुनी सवय. रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकानं इ. स. १५५च्या सुमारास रोमन बादशहाला लिहिलेल्या निवेदनात रविवारच्या मेळ्याचं वर्णन केलं आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचं लेखन वाचायचं, सभेच्या प्रमुखानं उपदेश करायचा, उठून प्रार्थना करायची, भाकर आणि प्याला वाटून घ्यायचा. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवकांच्या हाती घरी पाठवायचा. जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परदेशी यांना मदत. तेव्हाही गैरहजर माणूस तिच्या हिशेबात होता.

म्हणून अर्पणाची थैली फिरते तेव्हा ते देवाला दिलेलं भाडं नसतं. कापणीच्या सणाला हे डोळ्यांनी दिसतं. भाताच्या पिशव्या, तूर, मिरच्या, भोपळे, अंडी, कधी पाय बांधलेली कोंबडी वेदीपुढं येते. नंतर लिलाव होतो आणि कुणाचा तरी भोपळा दुसऱ्याच्या घरी चांगल्या किमतीला जातो. पण येशूची एक अट ती विसरू देत नाही: भावाशी बिनसलं असेल तर देणगी तिथंच ठेवून आधी समेट करून यावं. बांधाचा वाद मनात धरून दिलेलं मोठं दानही तिच्या लेखी हलकं.

प्रभुभोजनात ती सगळ्यात कमी बोलते. भाकरीचा तुकडा, द्राक्षरसाचा घोट. येशूनं आपलं शरीर आणि रक्त दिलं, त्याची ही आठवण. घेताना प्रत्येक हात रिकामा पुढं येतो. कुणी कमावून आणलेलं नसतं, मिळालेलं असतं. आणि एकाच भाकरीतून खाल्लेल्या माणसाला उद्या विहिरीवर परकं कसं मानायचं, हा प्रश्न घासाबरोबर पोटात जातो.

शेवटी आशीर्वाद. पाळक लोकांकडे तोंड करून हात उंचावतात. कृपा, प्रीती आणि सहभागिता यांची शिदोरी देऊन ती माणसांना दारापर्यंत सोडते. तिची खरी परीक्षा त्यापुढं, सोमवारपासून सुरू होते. कबुली दिलेल्यानं वजनकाटा सरळ धरावा, क्षमा मिळालेल्यानं भाऊबंदाशी बोलणं चालू करावं, एका भाकरीत वाटेकरी झालेल्यानं उसाच्या फडावरून परतलेल्याची चूल पेटली का ते पाहावं. आठवडाभर हे घडलं, तर उपासना पूर्ण झाली असं समजावं.