तुझ्या नावाची वही

प्रिय खारी,

काल लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडातल्या आजोबांनी तुझ्याकडे बघत विचारलं, "कुठल्या जातीची?" नऊ वर्षांत हा प्रश्न मी जिन्यात, रिक्षात, भाजीवाल्याकडे, लग्नघरात, सगळीकडे ऐकलाय. पहिली दोन-तीन वर्षं मी "पामेरियन मिक्स" असं सांगायचे आणि त्यातलं 'मिक्स' जरा हळू आवाजात म्हणायचे. त्याची मला लाज वाटते. ती तुझ्या कानात सांगून भागणार नाही, कारण तो हळू आवाज मी चारचौघांतच काढत होते. म्हणून हे पत्र उघडं.

तुझी आई शिरवळजवळच्या एका गॅरेजमध्ये राहायची. पांढरी, झुपकेदार शेपटीची. गॅरेजवाला तिला पामेरियन म्हणायचा. आपल्याकडे सरसकट पामेरियन म्हणून जी कुत्री ओळखली जातात ती बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात. १९९४ साली 'हम आपके हैं कौन'मधल्या ज्या टफीने आम्हा मुलांना वेड लावलं होतं, तोही स्पिट्झच. तुझा बाप मात्र कुणी पाहिला नव्हता. तुझ्या पाठीवरचे तांबूस डाग आणि आखूड पाय बघून गॅरेजवाला म्हणाला, "असंल हायवेवरचा कुणीतरी." दोन महिन्यांची तू टायरांच्या चळतीत झोपली होतीस. आमची गाडी दुरुस्त होईपर्यंत माझ्या लेकीने तुला मांडीवरून खाली ठेवलं नाही, आणि गाडी सुरू झाल्यावर तुला ठेवून निघणं कुणालाच जमलं नाही.

घरी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सोवळ्याओवळ्याच्या. "कुत्रं घरात नको," एवढंच बोलल्या. आठ वर्षांच्या लेकीने देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीकडे बोट केलं आणि विचारलं, "मग आजी, देवाजवळ चार कशी?" आईंनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी देवघराबाहेर जुन्या नऊवारीची चौघडी घातलेली दिसली, आणि तिच्यावर तू. आईंच्या बशीतून चहात भिजलेला खारीचा तुकडा खाली पडला तो तू मटकावलास, म्हणून तुझं नाव खारी. तेही त्यांनीच ठेवलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

"अशा कुत्र्यांना काही होत नाही. गावठी रक्त असतं, चिवट असतात." हे मला इतक्या जणांनी इतक्या खात्रीने सांगितलं की मी ते मानून टाकलं. त्यात थोडं तथ्य आहे. नात्यातल्या नात्यात पैदास करून टिकवलेल्या जातींमध्ये काही आनुवंशिक दुखणी साचत जातात. सरमिसळ झालेल्या कुत्र्यांमध्ये त्यांतली काही कमी दिसतात. पण मी त्याचा अर्थ असा लावला, की तुझ्याकडे कमी लक्ष दिलं तरी चालेल. एखाद्या महागड्या जातिवंत पिल्लाच्या बाबतीत मी असं केलं असतं का? नसतं केलं. हे कबूल करायला मला फार वेळ लागला.

मागल्या वर्षी आषाढभर पाऊस होता. सोसायटीमागच्या ओल्या गवतात आपण रोज फिरायचो. महिन्याच्या महिन्याला तुझ्या मानेवर सोडायचं गोचिडींचं औषध मी दोनदा चुकवलं. एवढ्या पावसात कुठल्या गोचिडी, असं मनात. खरं तर उबदार दमट हवा त्यांना मानवते, आणि कुत्र्यांवरची ती तपकिरी गोचीड नुसती गवतात नसते. ती घरात, भिंतीच्या भेगांत, गॅलरीच्या कोपऱ्यात राहते आणि एकेक मादी हजारो अंडी घालते.

श्रावणात मंगळागौर होती. घर माणसांनी भरलेलं. तू पलंगाखाली जाऊन बसलीस आणि जेवण तसंच ठेवलंस. मला वाटलं, गर्दीला कंटाळली. रात्री पोटाला हात लावला तर गरम लागलं, पण तुझं अंग आम्हाला नेहमीच गरम लागतं. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे तुम्हा कुत्र्यांचं रोजचं तापमान. हाताला ताप कळत नाही, थर्मामीटरच लावावा लागतो. मी लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रांगोळी पुसायला वाकले तेव्हा फरशीवर टिकलीएवढा लाल थेंब दिसला. मी कुंकू समजून बोट लावलं. ते ओलं होतं. दोन पावलांवर दुसरा थेंब, आणि पलंगाखाली तू, नाकातून रक्त येत असताना शेपूट हलवत.

डॉक्टरांनी तुझा वरचा ओठ अंगठ्याने उचलला. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून असं आहे?" मला उत्तर देता आलं नाही. तो ओठ मी कधी उचलूनच पाहिला नव्हता.

गोचीड ताप. गोचिडीच्या चाव्यातून एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात शिरतो आणि पांढऱ्या पेशींमध्ये घर करतो; रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी होत जातात. तुझ्या प्लेटलेट किमान दीड-दोन लाख हव्यात, त्या २२ हजारांवर आल्या होत्या. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, २८ दिवस. पहिले दोन दिवस मी गोळी दह्यात लपवून दिली, तुला दही आवडतं म्हणून. डॉक्टरांनी थांबवलं, दुधातल्या कॅल्शियममुळे हे औषध नीट अंगी लागत नाही. मग उकडलेल्या बटाट्याचा गोळा. गोळी रिकाम्या पोटी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते, म्हणून तिच्यामागून दोन घास भात आणि पाणी. पाचव्या दिवशी आई जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि त्यांच्या हातून तू पहिल्यांदा पोटभर जेवलीस. त्यांचे गुडघे दुखतात, त्या एरवी जमिनीवर बसत नाहीत.

त्याच आठवड्यात मी दोनशे पानी वही आणली. आपल्याकडे कुत्र्यांच्या जातींचं एक जाडजूड पुस्तक आहे, फोटोंसकट. डॉबरमन, लॅब्रेडॉर, बीगल, प्रत्येकाचं पान. वजन किती असावं, काय दुखू शकतं, काय जपायचं. तुझं पान त्यात नाही आणि कुठल्याच पुस्तकात असणार नाही, कारण तुझ्यासारखी तू एकटीच. तेव्हा ते पान मलाच लिहायला हवं होतं, पहिल्या दिवसापासून.

आता दर रविवारी तुझं वजन होतं. मी तुला घेऊन काट्यावर उभी राहते आणि मग माझं वजन वजा करते. तुझ्याएवढ्या जिवाला अर्धा किलो म्हणजे फार. रेबीजची लस दरवर्षी २८ सप्टेंबरच्या आत. तो जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चर यांची पुण्यतिथी, त्यामुळे तारीख विसरत नाही. फिरायला जाताना तू मधेच मागचा एक पाय उचलून तीन पायांवर चारेक उड्या मारतेस आणि पुन्हा नीट चालतेस. लेक त्याला तुझा नाच म्हणायची. वहीत नोंद होऊ लागली तेव्हा लक्षात आलं की नेहमी डावाच पाय. गुडघ्याची वाटी सरकते, लहान चणीच्या कुत्र्यांत हे खूप असतं. गुळगुळीत फरशीवर पाय घसरला की ते वाढतं, म्हणून हॉलभर सतरंज्या घातल्या. गळ्यातला पट्टा काढून छातीचा घेतला, कारण लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते आणि तू मांजर दिसलं की ओढतेस. तुझ्या इवल्या जबड्यात अल्सेशियनइतकेच ४२ दात दाटीवाटीने बसलेत. फटींत कीटण साचतं, म्हणून बोटाला फडकं गुंडाळून रात्री दात पुसायचे. सत्यनारायणाच्या प्रसादाची वाटी तुझ्यापुढे कुणी ठेवत नाही. बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे मी पाहुण्यांना दारातच सांगते. कांदाही नाही, चॉकलेटही नाही. लोक म्हणतात, एवढंसं कुत्रं आणि एवढे सोपस्कार. म्हणू देत.

लिफ्टमधून तुला नेऊ नये अशी चिठ्ठी कुणीतरी लावली होती, तेव्हा मी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून समितीला दिल्या. चिठ्ठी निघाली.

आजोबांचं राहिलं. मी त्यांना म्हटलं, "आई स्पिट्झ, वडील शिरवळचे. नाव खारी." नेहमीच्या आवाजात म्हटलं. ते वाकले, मूठ पुढे केली आणि तू हुंगेपर्यंत थांबले. त्यांना कुत्र्यांची माहिती आहे. त्यांचा मजला आला तेव्हा जाता जाता म्हणाले, "हिचा डावा कान बघा, खाजवतेय."

म्हणून आजची नोंद अशी. वजन ७ किलो १०० ग्रॅम. हिरड्या गुलाबी. जेवण पूर्ण. डाव्या कानाच्या आतल्या घडीत एक गोचीड, मुगाच्या डाळीएवढी. चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढली, तोंडासकट निघाली. पंजांच्या बेचक्या पाहिल्या, काही नाही. मानेवरच्या औषधाला अजून नऊ दिवस आहेत, उद्या डॉक्टरांना विचारायचं. दहा दिवस ताप मोजायचा.

तुझी,
आई