खडे मीठ

वडाळ्यात वाढलेल्या माणसाला मिठाचं अप्रूप नसतं. पूर्वेला मिठागरं. भरतीचं पाणी उथळ चौकोनांत अडवायचं आणि पुढचं काम उन्हावर सोपवायचं. घरी खडे मीठ चिनीमातीच्या बरणीत असे. माझी पहिली प्रयोगशाळा तीच.

पुस्तकात मिठाच्या पाण्यात अंडं तरंगत होतं. आमचं घर माळकरी, विठ्ठल मंदिर हाकेच्या अंतरावर. अंडं उंबऱ्याच्या आत येणं शक्यच नव्हतं. मग आषाढीच्या उपवासाला आणलेल्या बटाट्यांतला एक उचलला. समुद्राइतकं खारट, म्हणजे लिटरमागे 35 ग्रॅम मीठ घातलं तरी गडी तळाशी ढिम्म. शंभराच्या बऱ्याच पुढे गेल्यावर त्यानं हळूच बूड सोडलं. ‘‘तरंगला ना? आता धुऊन कुकरला लाव,’’ आई म्हणाली.

पण खरी मजा मे महिन्यातल्या पॉटच्या आइस्क्रीमची. भुसा लागलेली बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून दांडक्यानं फोडायची. लाकडी बादलीत मधोमध आमरस-दुधाचा डबा, भोवती तीन भाग बर्फाला एक भाग खडे मीठ. पॉट हलू नये म्हणून वर गोणपाट टाकून सगळ्यात धाकट्याला बसवत. त्याचं बूड गारठून तो रडकुंडीला येई. हँडल जड झालं, की समजायचं, जमलं.

वितळत्या बर्फाचं तापमान शून्य. साखर घातलेलं दूध तेवढ्यावर गोठत नाही. मीठ बर्फाला आणखी वितळायला लावतं. त्याला ग्रॅममागे 80 कॅलरींच्या आसपास उष्णता हवी, ती तो डब्यातून ओढतो. असं मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं. फॅरेनहाइटनं 1724 साली आपलं शून्य मांडलं ते बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणावर. म्हणजे भांडीवाल्याच्या कल्हईतला नवसागर! कॉलेजात गोठणबिंदू उतरण्याचं सूत्र फळ्यावर आलं, तेव्हा माझे दंड दुखल्यासारखे झाले.

आता नातीला फ्रीजमधला बर्फाचा खडा पुरतो. त्यावर ओला दोरा ठेवायचा, चिमूटभर मीठ भुरभुरायचं, मिनिटभर थांबायचं. मीठ बर्फ वितळवतं, पाणी दोऱ्याभोवती पुन्हा गोठतं आणि खडा दोऱ्याला लटकून वर येतो. टोरांटोच्या भाच्याला तिनं हे व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तो म्हणाला, आमच्याकडे हेच मीठ ट्रकनं रस्त्यावर ओततात. पण थंडी फारच वाढली की मीठही हात टेकतं, मग वाळू टाकावी लागते.