गाण्याचा धनी

रत्नागिरीहून परतणाऱ्या माणसाच्या पिशवीत काय असते, हे मुंबई-पुण्याच्या वाचकांना सांगायला नको. मे महिना असला तर आंबे, नसला तर आमसुले, फणसपोळी आणि कुळथाचे पीठ. यंदा मी गणपतीत गेलो होतो. ह्या साऱ्या वस्तू तर आणल्याच. पण त्यांच्याबरोबर एक प्रश्नही बांधून आणला. गाण्याचा धनी कोण? शब्द लिहिणारा, चाल लावणारा, गळ्यातून काढणारा, की ऐकून पाठ करणारा? आणि चित्रपटातल्या गाण्याला बक्षीस द्यायचे ठरले, तर ते ठेवायचे कोणाच्या हातावर?

प्रश्नाला सुरुवात झाली ती रत्नागिरीजवळच्या एका वाडीत. दिवसभर मी शहरात पाहुण्याची कर्तव्ये पार पाडली होती. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मघर पाहिले, ब्रह्मदेशच्या परागंदा राजाचा थिबा राजवाडा पाहिला, संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर बसून सूर्य समुद्रात बुडवला. तेव्हा यजमान म्हणाले, "आता खरी रत्नागिरी बघायची असेल तर रात्री आमच्या वाडीत चला. जाखडी आहे."

जाखडी म्हणजे कोकणातल्या कष्टकरी माणसाचे गौरी-गणपतीचे नृत्य. मधे गाणारे आणि ढोलकी-झांजवाले बसतात, भोवती पोरे एका पायात चाळ बांधून गोल फिरतात. आरंभी गण, मग गौळण, आणि मग खरा सामना. एक बाजू शक्तीची, दुसरी तुऱ्याची. शक्तीवाले आदिमायेची थोरवी गातात, तुरेवाले शिवाची. आणि एकाने टाकलेला सवाल दुसऱ्याने गाण्यातच उलगडायचा, अशी रीत. मंडपातून कोणी खूष झाला की नोट पुढे करतो, आणि देणाऱ्याचे नाव कर्ण्यावरून पुकारले जाते.

मौज अशी की शाहिराने पहिलाच सवाल टाकला तो एका गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीवर! मध्यंतरात चहा पिताना मी त्याला म्हटले, "शाहीर, चाल तर सिनेमाची घेतलीत."

तो हसला. "चाल कोणाची का असंना, काका. शब्द माझे हायत. आनि शेवटच्या कडव्यात माझं नाव हाय. ते काडून म्हनून बगा, मात्राच मोडंल!"

मला ते उत्तर फार आवडले. नाव असे बसवायचे की काढले तर गाणेच लंगडे व्हावे. आपल्या संतांनी हेच केले, लावणीकार-पोवाडेवाल्यांनीही हेच केले. गाणे कितीही वाड्या हिंडून आले तरी धन्याचे नाव त्याच्या गळ्यात बांधलेले. अशा माणसाला पारितोषिक मिळाले तर आनंद, न मिळाले तरी त्याचे नाव जात नाही.

मग ज्याला नाव गुंफता येत नाही त्याचे काय? हा विचार डोक्यात घेऊनच मी दुसऱ्या दिवशी पालगडला निघालो. पालगड ह्याच जिल्ह्यात, पण उत्तर टोकाला, दापोली तालुक्यात. हातखंब्याला महामार्ग गाठला, संगमेश्वरला शास्त्री ओलांडली, चिपळूणला वाशिष्ठी, परशुरामचा घाट चढून पुढे खेडला जगबुडी. शंभरावर किलोमीटरचा हा प्रवास. भातखाचरे पोटरीला आलेली, आणि सड्यावर पिवळ्या फुलांची चादर. खेडहून एस्. टी. वळणे घेत घेत डोंगरात शिरते आणि किल्ल्याच्या पायथ्याशी झाडीत लपलेले गाव दिसू लागते. साने गुरुजी २४ डिसेंबर १८९९ रोजी जन्मले ते इथे.

नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत, अवघ्या चार-पाच दिवसांत, गुरुजींनी 'श्यामची आई' लिहून काढली. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली तिचा चित्रपट केला. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाला, आणि संगीत दिले वसंत देसाई यांनी. हे देसाईही कोकणचेच, कुडाळकडच्या सोनवड्याचे. तो मुलूख आज सिंधुदुर्गात मोडतो; पण १९८१ साली जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी तोही रत्नागिरीतच होता. म्हणजे गोष्ट जिल्ह्याच्या उत्तरेची आणि सूर दक्षिणेचा!

गुरुजींचे घर आता स्मारक म्हणून जपले आहे. ते पाहून बाहेर पडलो तो शेजारच्या पडवीत एक आजी नातीची वेणी घालीत बसल्या होत्या, आणि गुणगुणत होत्या ते द्रौपदीच्या पीतांबराचे गाणे. कृष्णाच्या बोटाला जखम होते, सख्ख्या बहिणीला घरभर चिंधी सापडत नाही, आणि मानलेली बहीण अंगावरचा भरजरी शेला फाडून देते, ती कथा.

मी विचारले, "आजी, हे गाणे कोणी लिहिले हो?"

"लिहील कोण? द्रौपदीचे आहे ते! माझी आजी सांगायची मला."

"पण हे सिनेमातले ना?"

"सिनेमात असेल. त्यांनी आमच्याकडून नेले असेल."

आता काय बोलणार! गोष्ट खरोखरच त्यांच्या आजीची. पण ते शब्द अत्र्यांचे, चाल वसंत देसायांची आणि आवाज आशाबाईंचा. 'झेंडूची फुले'वाल्या ह्या विडंबनकाराने, ज्याच्या लेखणीला सारा महाराष्ट्र वचकून असे, असे ओवीसारखे गाणे लिहिले, की ऐकणाऱ्याला ते लिहिलेले वाटतच नाही. ह्याहून मोठी पावती कोणती? आणि ह्याहून मोठे नुकसान तरी कोणते? कारण पावतीवर नावच नाही.

सरकारने ह्या चित्रपटाचा गौरव केला नाही असे मुळीच नाही. १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पारितोषिके प्रथमच दिली गेली, तेव्हा राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले ते 'श्यामची आई'लाच. 'दो बीघा जमीन'सारखा चित्रपट त्या वर्षी प्रशस्तिपत्रावर थांबला, ह्यावरून त्या मानाची उंची कळावी. पण पदक होते चित्रपटाला. गाण्यासाठी वेगळे पदक तेव्हा नव्हतेच. संगीतकाराचा राष्ट्रीय पुरस्कार आला १९६७ च्या चित्रपटांपासून, आणि गीतकाराचा त्याच्याही पुढच्या वर्षी. पहिला मानकरी तमिळ कवी कन्नदासन. 'फिल्मफेअर'ची कथाही तशीच. १९५४ साली संगीतकार म्हणून नौशाद यांना 'बैजू बावरा'साठी बाहुली मिळाली. शब्द लिहिणाऱ्याची पंगत मांडली गेली १९५९ साली, आणि पहिले पान शैलेंद्रांना वाढले. सगळीकडे क्रम हाच: आधी चाल, मग शब्द.

हॉलीवुडवाल्यांनी मात्र हा गुंता निराळ्या तऱ्हेने सोडवला. तिथे गाण्याचे ऑस्कर १९३४ च्या चित्रपटांपासून आहे, आणि ते शब्दकार व संगीतकार ह्या दोघांना मिळून दिले जाते. म्हणूनच २००९ साली रहमान यांच्याबरोबर गुलजारांचे, आणि २०२३ साली कीरवाणींबरोबर चंद्रबोस यांचे नाव पुकारले गेले. पण त्यांची एक अट कडक आहे: गाणे त्या चित्रपटासाठीच लिहिलेले हवे. ह्या अटीमागे एक सुंदर हकीकत आहे. १९४० साली पॅरिस जर्मनांच्या हाती पडले, तेव्हा जेरोम कर्न आणि हॅमरस्टाईन ह्या जोडीने त्या शहराच्या आठवणीचे एक गाणे रचले. चित्रपटाचा तेव्हा काही संबंध नव्हता. पुढे ते 'लेडी बी गुड' ह्या चित्रपटात घातले गेले आणि १९४१ चे ऑस्कर घेऊन गेले. खुद्द कर्न यांनाच ते रुचले नाही. मुळात चित्रपटासाठी न लिहिलेल्या गाण्याने हे बक्षीस घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि त्यानंतर नियम बदलला. स्वतःला मिळालेल्या बक्षिसाविरुद्ध बोलणारे मानकरी किती सापडतील?

हा नियम पालगडला लावून पाहा. पीतांबराचे गाणे पहिल्या झटक्यात उत्तीर्ण. पण त्याच चित्रपटात कवी यशवंतांची 'आई' ही कविताही आहे. ती चित्रपटाच्या कितीतरी आधीची. नियमाने ती बाद! आणि ऐकताना कुणाला वाटेल का, की ही ह्या चित्रपटासाठी लिहिलेली नाही? उलट, चित्रपटच तिच्यासाठी काढला असावा, असे वाटते. वाडीतल्या शाहिराचे उलटे: शब्द कोरे, चाल उसनी. यशवंतांच्या गाण्याचे शब्द जुने, चाल कोरी. दोन्ही अर्धी अस्सल, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही पुरेपूर.

तरीदेखील मी त्या नियमाच्या बाजूचा आहे. नियमाने गाण्याची गोडी मोजता येत नाही, हे खरे. पण बक्षीस द्यायला बसलेल्या माणसाला एक प्रश्न तरी विचारावाच लागतो: 'हे कोणी लिहिले?' आणि माझ्या मते पुरस्काराचे सारे मोल त्या एका प्रश्नात आहे. शाल सुटते, बाहुलीवर धूळ बसते. पण यादीत नाव राहते. शाहिराला शेवटचे कडवे आहे, संतांना अभंगाचा शेवटचा चरण आहे. चित्रपटाच्या गीतकाराला मात्र श्यामच्या आईच्या तोंडी 'अत्रे म्हणे' असे घालता येत नाही. तिथे कवीने पडद्याआड जावे आणि पात्राने बोलावे, हाच त्या कलेचा धर्म. त्याची नाममुद्रा कोणीतरी बाहेरून उठवावी लागते. पुरस्कार म्हणजे ती नाममुद्रा.

आकाशवाणीने हे काम वर्षानुवर्षे बक्षिसाविना केले. गाण्याआधी निवेदिका गीतकार, संगीतकार आणि गायक ह्यांची नावे सांगायची, आणि पोळ्या लाटता लाटता घरोघरच्या बायकांना ती पाठ व्हायची. आता गाणे खिशातल्या फोनवर वाजते. चित्र दिसते, गायकाचे नाव दिसते. शब्द ज्याने लिहिले तो पुष्कळदा कुठे दिसत नाही.

तेव्हा वाचकहो, दिवाळीत मुले-नातवंडे जमतील, फराळाची ताटे रिकामी होतील आणि कोणीतरी जुने गाणे लावील. गाणे संपले की लगेच दुसरे लावू नका. लहानांना विचारा, "हे लिहिले कोणी?" त्यांना आले नाही तर तुम्ही सांगा. तुम्हाला आले नाही तर शोधून सांगा. पहिले सुवर्णपदक दिल्लीहून आणणाऱ्या चित्रपटातल्या गाण्यांना जे मिळाले नाही, ते एवढ्याने घरच्या घरी देता येईल. आणि त्याला अर्जही लागत नाही, परीक्षकही लागत नाहीत.