मोंबासाची मावशी

आमच्या घरात कोणाची समजूत घालायची असली की मास्तरला पाठवतात. मास्तर म्हणजे मी. वर्गातली चाळीस पोरे ज्याला जुमानत नाहीत त्याचे वडीलधारी माणसे ऐकतील, असे का वाटावे, देव जाणे! पण आईची थोरली बहीण अठ्ठ्याहत्तर वर्षांची. काका गेलेले, दोन्ही मुलगे इंग्लंडात, आणि ही एकटी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासात. तेव्हा "तिला घेऊनच ये" असे बजावून सर्वांनी वर्गणी काढली आणि गेल्या दिवाळीच्या सुटीत मला विमानात बसवले.

मावशी 1967 साली लग्न होऊन 'करंजा' बोटीने तिकडे गेली. काका रेल्वेत कारकून. त्या रेल्वेचे रूळ 1896 पासून पाच-सहा वर्षांत बत्तीस हजारांच्या आसपास हिंदी मजुरांनी टाकले. त्यांतले अडीच हजार तिथेच मेले. केनिया 1963 साली स्वतंत्र झाला आणि 1968 च्या सुमारास कितीतरी हिंदी कुटुंबे विलायतेला निघून गेली. काकांनी मात्र तिथले नागरिकत्व घेतले. नवी नवरी, ट्रंका अजून पुरत्या उघडल्याही नव्हत्या. तिला कोणी विचारले असेल, असे मला वाटत नाही.

मी विषय काढताच मावशी म्हणाली, "आधी गाव बघ. मग काय ते बोल."

गाव कसले, लाखांच्या वस्तीचे शहर, आणि तेही बेटावर. उत्तरेला पूल, दक्षिणेला लिकोनीची फेरीबोट. पायी माणसाला तिथे तिकीट पडत नाही, याचा मावशीला असा अभिमान, जणू बोट तिनेच घालून दिली आहे! पण मन रमले ते जुन्या गावात. अरुंद बोळ, कोरीव दरवाजे, लाकडी सज्जे, आणि टोकाला प्रवाळाच्या दगडाचा जेझस किल्ला. पोर्तुगीजांनी तो 1593 साली बांधायला घेतला; आराखडा त्यांच्या हिंदुस्थानातल्या मुलखाच्या मुख्य स्थपतीचा. पुढे 1696 पासून ओमानच्या अरबांनी त्याला जवळजवळ तेहेतीस महिने वेढा घातला. आतली माणसे रोगराईने मरत होती आणि डोळे गोव्याकडे लागले होते. 1698 च्या डिसेंबरात गोव्याची गलबते आली खरी, पण किल्ला पडून थोडेच दिवस झाले होते. चिमाजीअप्पांची वसई तिथून चाळीस वर्षांवर. इतिहास शिकवताना आपण हा समुद्र नकाशाच्या कडेला सोडून देतो. तिथे मात्र तो मधोमध दिसला.

आणि भाषा! स्वाहिलीत बंदराला 'बंदारी', मोसमाला 'म्सिमु', आणि गलबताचा प्रमुख तो 'नाहोधा', म्हणजे आपला नाखवाच की! अरबी-फारसीतून निघालेले हे शब्द एकाच वाऱ्याने दोन्ही किनाऱ्यांना लागले. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा 'कास्काझी' वाहतो. त्यावर अरबस्तानातली नि आपल्याकडची गलबते तिकडे जात आणि वारा फिरला की परतत. बाजारात 'पेसा', 'साबुनी', 'कलामु' ऐकून मी वहीत टिपू लागलो, तर भाजीवाली हसू लागली. "हा शाळेत मास्तर आहे," असे मावशीने तिला स्वाहिलीत सांगितले असावे, कारण तिने लगेच चार लिंबे जास्त टाकली.

स्वयंपाकघरात माहेरची खवणी नव्हती. ती केव्हाच झिजून गेली. तिच्या जागी शेजारणीने दिलेले, वर बसून नारळ खवायचे, दातेरी पात्याचे लाकडी आसन. त्याला म्हणतात 'म्बुझी', म्हणजे बकरी! मावशी त्या बकरीवर बसून नारळ खवत होती. चुलीवर तुरीचे दाणे नारळाच्या दुधात शिजत होते. त्यांना 'म्बाझी' म्हणायचे, एवढाच फरक, वास राजापूरचाच.

तेवढ्यात शेजारची दोन पोरे दारात आली. "शिकामू," म्हणाली. या शब्दाचा मूळ अर्थ 'पाय धरतो' असा सांगतात. "मराहबा," मावशी म्हणाली आणि दोघांच्या हातावर एकेक करंजी ठेवली.

मी म्हटले, "मावशी, आता तरी चल. तिकडे सगळे आहेत."

"कोण सगळे? राजापूरचं घर विकलंत ना तुम्ही?"

"आमच्याकडे राहा."

"तुझ्या दोन खोल्यांत? अरे, पाहुणी म्हणून महिनाभर लाड कराल, मग मी कोपऱ्यातली म्हातारी. इथे माझ्या दाराशी रोज पाच जणांचे पाय थांबतात. यांची राखही इथल्याच समुद्रात आहे." मग थोडे थांबून, "येणारच नाही असं नाही. पण न्यायला म्हणून कोणी येऊ नका."

माझी सारी तयार वाक्ये तिथेच संपली. निघताना तिने आईसाठी लवंगा, आंब्याचे 'अचारी' आणि एक जुने लुगडे दिले, लग्नातले.

रात्री आईला फोन केला. सारे सविस्तर सांगितले, लुगड्याचेही. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटले, फोन तुटला.

मग आईने विचारले, "तिकीट किती पडतं रे?"