बाथरूमची बुरशी आणि माझा खोकला

पावसाळ्यात बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांत काळी बुरशी धरते, तशी आमच्याकडेही धरली. रविवारी मीच घासायला बसलो. आधी ब्लीच ओतलं. डाग हटेना, म्हणून वरून टॉयलेट क्लीनर! मिनिटभरात डोळे चुरचुरले, घसा आवळला आणि मी खोकत बाहेर पळालो. डॉक्टर असून!

ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं आणि टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, खालीच साचतो; आणि आपण तर खाली बसूनच घासतो.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग क्षारांचे असतात, त्यांना व्हिनेगर चालतं. काळ्या बुरशीला पाणी घातलेलं ब्लीच लावून दहा मिनिटं थांबा. मला तेवढाही धीर नव्हता. ही दोन्ही कामं एकाच दिवशी करू नका, आणि खिडकी उघडी ठेवा.

वायू नाकात गेलाच तर लगेच मोकळ्या हवेत या. धाप लागली, खोकला थांबेना, किंवा घरात कुणाला दमा असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

मी रात्रभर खोकत होतो. सांधे अजून काळेच आहेत.