रेघ

पावसाळ्यात आमच्या कुरुंदवाडात पाण्याची खबर आधी देवळातून यायची. नदीपलीकडं नृसिंहवाडीला दत्ताच्या देवळात उत्तर दारानं पाणी शिरलं, पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडलं, की दक्षिणद्वार सोहळा झाला म्हणायचं. लोक त्या पाण्यात न्हायला धावायचे. आजी मात्र जोंधळ्याची पोती माळ्यावर चढवायला लावायची.

ही अंधश्रद्धा की निरीक्षण, हे मला आजही ठरवता येत नाही. पादुकांची उंची हेच तिचं मोजमाप होतं. देव न्हाला, म्हणजे आता पाणी किती लांब, हे तिला नेमकं ठाऊक.

2005 च्या महापुरात पाणी जिथवर आलं, तिथं भिंतीवर कोळशानं रेघ ओढली होती. आजीनं तिला हळदकुंकू लावलं. दरवर्षी नदीची ओटी भरली, की त्या रेघेलाही बोट लागायचं.

ऑगस्ट 2019. घर सोडा, असा निरोप आला. मी शहाणपणानं सांगितलं, कोयनेतनं इतके हजार क्युसेक सोडलेत; कृष्णा तुंबली, की संगमावर पंचगंगाही अडते. आजीनं शांतपणे विचारलं, "क्युसेक म्हंजे आपल्या उंबऱ्याला किती?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिच्याकडं रेघ होती. आजी हलली नाही.

अंधश्रद्धा म्हटलं, की आठवतात शेजारच्या मिरजेत डॉक्टरकी शिकलेले नरेंद्र दाभोलकर; ते देवाच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीशी आयुष्यभर झगडले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांची हत्या झाली. पण आमच्या घरात फसवणारा कुणी बुवा नव्हता. नदीची भाषा आजीला रेघेनं सांगितली होती, आणि विज्ञान क्युसेकमध्ये बोलत होतं. माणूस आपल्या उंबऱ्याशी बोलणाऱ्याचंच ऐकतो.

पाणी रेघेवर चढलं. आजीला बोटीत बसवताना तिनं मागं वळून पाहिलं ते देव्हाऱ्याकडं नाही, भिंतीकडं.

पूर ओसरल्यावर मी वर नवी रेघ ओढली. कुंकवाचा करंडा पुढं केला, तिनं घेतला नाही.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. नवी रेघ अजून कोरडी होती, तरी आजी गाठोडं बांधून बसलेली. ओटीचा नारळ त्यातच होता.

"अजून रेघेला लांब आहे," मी म्हणालो.

"असू दे. रेघेचं काय खरं न्हाई. तुझा त्यो क्युसेक किती झाला, बघ आधी."