गोठवणारा फुगा, भाजणारा फुगा

एट्रियल फिब्रिलेशनसाठी ॲब्लेशन करायचं ठरलं की रुग्ण पुष्कळदा विचारतात, "डॉक्टर, गोठवणारा फुगा चांगला की भाजणारा?" प्रश्न रास्त आहे. हॅम्बुर्गला फेलोशिप करताना मीही तोच प्रश्न घेऊन गेलो होतो.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. ही गडबड बहुतेकदा फुप्फुसांकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांमध्ये सुरू होते, हे बोर्दोच्या मिशेल हैसागेर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं. शिरेच्या तोंडाभोवती व्रणाचं अखंड कडं केलं की तिथले संदेश कप्प्यात पोचत नाहीत; हेच ॲब्लेशन. साध्या कॅथेटरने ते कडं बिंदू बिंदू जोडत करावं लागतं. फुगा नेमका शिरेच्या तोंडाशी बसतो.

हॅम्बुर्गला लेझर बलूनने, म्हणजे भाजणाऱ्या फुग्याने, माझे डोळे उघडले. त्याच्या आत बारीक एंडोस्कोप असतो. एरवी आम्ही एक्स-रेच्या सावल्या पाहून काम करतो. इथे शिरेचं तोंड प्रत्यक्ष दिसतं, रक्त लाल आणि ऊतक फिकट. रक्त आड येत असेल तिथे लेझर मारायचा नाही. फुगा मऊ असतो, शिरेच्या मापाने कमीजास्त फुगवता येतो. मात्र प्रकाशाचा पट्टा थोडाथोडा सरकवत कडं पुरं करायला चिकाटी लागते.

क्रायोबलून, म्हणजे गोठवणारा फुगा, नायट्रस ऑक्साइडने गार होतो, उणे चाळीस-पन्नास अंशांपर्यंत. एका शिरेला साधारण तीन ते चार मिनिटं. माप ठरलेलं, बहुधा २८ मिलिमीटर. म्हणून तोंड पुरतं बंद झालंय का, हे डाय सोडून पाहावं लागतं. उजव्या शिरा गोठवताना मी कॅथलॅबमध्ये कोणालाही बोलू देत नाही. तिथून अगदी जवळून फ्रेनिक नर्व्ह जाते, श्वासपटल हलवणारी. तिला वरून पेसिंग करत, म्हणजे विजेचे हलके ठोके देत राहायचं आणि रुग्णाच्या बरगडीखाली तळहात ठेवायचा. दर ठोक्याला उचकीसारखा धक्का हाताला लागतो. तो जरासा मंदावला की गोठवणं तत्क्षणी थांबवायचं. पडद्यावरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा माझा त्या हातावर विश्वास आहे.

२०१६ च्या फायर अँड आइस चाचणीत ७६२ रुग्ण होते. क्रायोबलून आणि बिंदू-बिंदू भाजणं यांचे परिणाम तोडीस तोड निघाले. क्रायोच्या गटात २.७ टक्के रुग्णांना घरी जाताना फ्रेनिक नर्व्हची इजा होती. वर्षभरात एक सोडून बाकी सगळ्यांची भरून आली.

पुढे रेडिओफ्रिक्वेन्सी बलून आले. एकावर दहा इलेक्ट्रोड असतात आणि प्रत्येक वेगळा चालवता येतो. मागच्या भिंतीला अन्ननलिका चिकटलेली असते, त्यामुळे तिकडे कमी वेळ भाजता येतं. ही सोय मला फार मोलाची वाटते.

तरीही माझं मत स्पष्ट आहे: ज्या टीमचा ज्या फुग्यावर हात बसलाय, तोच तुमच्यासाठी चांगला. डॉक्टरांना तेवढं मोकळेपणाने विचारा. आणि ठोके सुरळीत झाले म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने बंद करू नका. ती चालू ठेवायची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधी झालेला पक्षाघात यांवरून ठरतं.